मागच्या खोलीची किल्ली

नव्या रंगाचा वास आला की मला आमची मागची खोली दिसते. बायकोबरोबर केलेलं शेवटचं काम म्हणजे ती खोली रंगवणं. घराच्या कर्जाचा हप्ता भाड्यावरच चालायचा, मग रंगाऱ्याला कशाला बोलवायचं? मी वर ब्रश मारत होतो, ती फरशीवर बसून भिंतीचा खालचा पट्टा रंगवत होती. म्हणाली, "ही खोली दवाखान्यातल्या त्या आयाबाईलाच द्यायची. जयभीमवाली म्हणून चार घरांनी न्हाय म्हटलंय तिला. मी शब्द दिलाय." मी म्हटलं, "दे की." त्याच आठवड्यात छातीत कळ येऊन ती गेली. राख सावडून घरी आलो तर नवी पेठेतला दलाल भेटायला आलेला. शेजारणीनं आणलेला च्या पिऊन त्यानं डोळे पुसले आणि मागं जाऊन टेपनं खोली मोजायला लागला. "काका, वाईट झालं. पण माझं गिऱ्हाईक जास्त भाडं देतंय. त्या बाईला ठेवलं तर बाकीचे भाडेकरू पळतील. काकू भोळ्या होत्या हो." असं बोलत तो कोपऱ्यातच मावा थुंकला. शिंतोडे तिनं रंगवलेल्या पट्ट्यावर. मी म्हटलं, "टेप गुंडाळ आन् चालता हो." भावकी म्हणाली, सुतकात घराची किल्ली कुणाला देत न्हाईत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो पट्टा ओल्या फडक्यानं पुसला आणि दवाखान्याच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. आयाबाई कामावर येत होती. मला बघून हसत म्हणाली, "बाबा, एकटंच? आजी न्हाय आल्या व्हय?" मी किल्ली तिच्या हातावर ठेवली.