हायवेवर तिने दिलेली वाट

आमच्या घरात त्या दिवसाला दत्ताचा चमत्कार म्हणतात. सासूबाई तर येणाऱ्या-जाणाऱ्याला हौसेने सांगतात, आणि सांगताना दर वेळी त्यात थोडी भर घालतात. मी त्याला चमत्कार म्हणत नाही आणि नाकारतही नाही. दर गुरुवारी देवळात जाणारा माणूस मी, पण खरं सांगायचं तर तेव्हा माझी भक्ती सवयीची होती. वडिलांची गिरणी गेली तरी मला अंधेरीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपरची नोकरी लागली, बोरिवलीला दोन खोल्या झाल्या, उशिरा का होईना एक मुलगी झाली. एवढ्यावर देव आपला आहे असं मी धरून चाललो होतो. त्याला जाब विचारायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

त्या आठवड्यात मालाडच्या पुढे हायवेवर एक शाळकरी मुलगी ट्रकखाली गेली होती. हायवेच्या एका अंगाला झोपडपट्टी, शाळा दुसऱ्या अंगाला, आणि मधून भरधाव गाड्या. लोकांनी ट्रक जाळला. ड्रायव्हर पळून गेला, क्लीनर हाती लागला, तर त्यालाच बेदम मारला. कारखान्यात चहाच्या वेळी विषय निघाला. एक जण म्हणाला, ट्रकवाले पिऊन चालवतात, एकेकाला फोडला पाहिजे. दुसरा म्हणाला, हे लोक पोरं मोकाट सोडतात आणि मग बोंबलतात. मी म्हणालो, "हायवे गाड्यांसाठी असतो यार, तिथे झोपड्या बांधायला कुणी सांगितलं होतं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा संपला आणि गप्पा क्रिकेटवर गेल्या. त्या मुलीचं नाव काय, हे आमच्यापैकी कुणीही विचारलं नाही.

त्यानंतर एक-दोन दिवसांतच माझी वैशू गॅलरीत चिंचोके खेळत होती. सहा वर्षांची पोर, खेळता खेळता एक चिंचोका तोंडात टाकला आणि मैत्रिणीचं काहीतरी ऐकून खदखदून हसली. तिला ठसका लागला, डोळे पांढरे झाले, मग कसाबसा श्वास आला, पण त्या श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. मी नेमका रजेवर होतो. तिला उचलून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि त्यांचाच चेहरा उतरला. चिंचोका श्वासनळीत आहे, म्हणाले. दुर्बीण घालून काढावा लागेल, ती सोय मोठ्या हॉस्पिटलातच. "रिक्षा नको, टॅक्सी करा. तिला बसवूनच न्या, आडवी करू नका, आणि रडू देऊ नका." आणखीही काहीतरी ते सांगत होते, पण तोवर मी पायऱ्या उतरलो होतो.

स्टेशनजवळ टॅक्सी मिळाली. बायको मागे वैशूला मांडीवर उभी धरून बसली, मी ड्रायव्हरच्या शेजारी. उत्तरेकडचा, मिशा पांढऱ्या झालेला माणूस होता तो. हायवेला लागल्यावर मी त्याला "भगाव, भगाव" एवढंच म्हणत होतो. तोंडाने दत्ताचं नाव चाललं होतं, पण त्यात भक्ती नव्हती, भीती होती. मालाड जवळ आलं आणि पुढच्या गाड्या थांबत थांबत पार ठप्प झाल्या. लोक गाड्यांतून उतरून पुढे बघत होते. "रास्ता रोको है, साहब," ड्रायव्हर म्हणाला. "वो बच्ची मर गयी थी ना, उसके लिये." मागे वळून पाहिलं तर मागेही गाड्यांची रांग लागलेली. वैशूच्या ओठांभोवती निळसर दिसायला लागलं होतं. तिची आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि माझ्याकडे बघायचं टाळत होती.

मी दार उघडून पुढे धावलो. बायाच बाया बसल्या होत्या रस्त्यावर, उन्हात, डोक्यावर पदर घेऊन. कुणाच्या हातात पुठ्ठ्याची पाटी होती, सिग्नल द्या, स्पीडब्रेकर द्या. दोन हवालदार बाजूला उभे होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. सगळ्यात पुढे जी बाई बसली होती तिच्यासमोर उभा राहून मी तोंडाला येईल ते बोललो. "गेलेली पोर परत येणार आहे का? तिच्यापायी माझी मारताय तुम्ही! गाडीत श्वास घुसमटतोय तिचा!" एक म्हातारी उठून माझ्या अंगावर आली. "कुणाला बोलतोस रे? तिचीच पोर गेली ती."

माफी मागायचंही सुचलं नाही. ती बाई माझ्याकडे बघत राहिली. बारीक अंगाची, तिशीचीही नसेल. मग ती हात टेकून उठली आणि एवढंच म्हणाली, "खंय आसा गाडी?" गाडी कुठे आहे, हे ती माझ्या आईच्या भाषेत विचारत होती. तीही आमच्याच मुलखातली निघाली.

पुढचं सगळं तिने केलं. बायांना तिने उठवलं, मधे उभ्या असलेल्या गाड्यांना इंच इंच सरकवलं, एका टेम्पोवाल्याला शिवी घालून मागे घ्यायला लावलं. आमच्या टॅक्सीच्या बॉनेटवर हात ठेवून ती पुढे चालत राहिली आणि तिच्यामागून आम्ही. तिची पाठ मला काचेतून दिसत होती. घोळक्याच्या पलीकडे आलो तेव्हा समोर अंधेरीपर्यंत हायवे मोकळा पडला होता. ती खिडकीशी आली, वैशूकडे एकदा बघितलं आणि ड्रायव्हरला म्हणाली, "हळू ने हां बाबा. पोरीला घरी परत न्यायचीय." त्याने कानाला हात लावले. नंतर मी त्याला दोनदा तरी "भगाव" म्हटलं असेल. तो म्हणाला, "नहीं साहब. उस माँ ने बोला है." आणि खड्डे चुकवत, गिअरचा हिसका बसू न देता, त्याने गाडी नेली. मोकळा रस्ता असून हळू जाताना माझा जीव टांगणीला लागला होता. तिथेच कधीतरी मी हट्ट सोडला. माझ्या हातात काहीच नाही, हे त्या आधी मला कधी इतकं स्वच्छ कळलं नव्हतं.

चिंचोका निघाला. बाहेर आलेल्या डॉक्टरांनी तो मला एका वाटीत दाखवला आणि म्हणाले, "सुटा होता, वरखाली होत होता. जोराचा धक्का बसला असता तर वर येऊन अडकला असता, मग आमच्यापर्यंत पोचलाच नसतात. गाडी जपून आणलीत, ते बरं केलंत." मी भिंतीला टेकून रडलो.

घरी आल्यावर सगळे एकच बोलू लागले. दत्तानेच त्या बाईला पाठवलं. दत्तानेच रस्ता अडवला, नाहीतर हे टॅक्सी भरधाव नेणार होते. ऐकताना मलाही बरं वाटायचं. पण गुरुवारी देवळात उभा राहिलो आणि पहिल्यांदा माझी मान खाली गेली. रस्ता अडायला आधी तिची पोर जावी लागली होती. देवाने माझ्यासाठी एवढी व्यवस्था केली असं म्हणायचं, तर तिच्यासाठी काय केलं म्हणायचं? मूर्तीपुढे मी हे विचारलं.

तिला भेटायला जायचं आम्ही ठरवलं. बायकोने नारळ, खण, तांदूळ घेतले. निघताना सासूबाईंनी वैशूला मागे ओढलं. "चेडवाक थंय नेव नको. त्या बायेचा चेडू गेलाहा. तिची नजर वायट नसतली, पण लागतली." पोर गेलेल्या बाईची नजर आमच्या पोरीला लागेल, हे मी हसण्यावारी नेईन असं मला वाटलं होतं. पण चिंचोक्याचा तो आवाज अजून कानात होता. वैशूला घरी ठेवून आम्ही दोघंच गेलो.

पत्र्याची खोली, हायवेला लागूनच. गाडी गेली की भांडी वाजत होती. भिंतीवर दोन वेण्या घातलेल्या मुलीचा फोटो. त्याखाली लिहिलेलं नाव मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं, संगीता. बायको ओटी भरायला पुढे झाली तर ती बाई मागे सरकली. "ओटी कसली भरता? मी काय देवी हाय? माझी पोर गेली म्हणून मी रस्त्यात बसले होते. नायतर कामावर असते." मग तिने आमच्या मागे, दाराकडे बघितलं. "पोरगी नाय आणलीत?"

मी म्हणालो, "शाळा आहे तिची."

त्या दिवशी रविवार होता. माझं खोटं तिला कळलं, ते का बोललो हेही कळलं असणार. ती म्हणाली, "बरं. जाऊ दे शाळेत." आणि आमच्यासाठी चहा टाकला. ज्या बाईने आपलं दुःख बाजूला सारून आमची गाडी काढून दिली, तिच्या डोळ्यांना आम्ही भ्यालो होतो. या गोष्टीची लाज मला आजही वाटते, आणि ती जाऊ नये असंच मला वाटतं.

पुढच्या रविवारी मी वैशूला घेऊन निघालो. सासूबाईंनी तिच्या कानामागे काजळाची तीट लावली होती, ती मी रस्त्यात रुमालाने पुसून टाकली. बाईने वैशूला समोर बसवलं आणि पुष्कळ वेळ नुसती बघत राहिली. तिच्या केसांवरून हात फिरवला. मग विचारलं, "हायवे पार करता येतो तुला?"

"हो," वैशू ऐटीत म्हणाली. "पळत. बाबांनी शिकवलंय."

बाईचा हात केसांवरच थांबला. मग ती उठली, पायात चपला घातल्या आणि मला म्हणाली, "हिला जरा नेते." कुठे ते विचारायची गरज नव्हती. ती जागा दारातूनच दिसत होती. माझ्या अंगातलं सगळं बळ नको नको म्हणत होतं. तरी मी होकाराची मान हलवली.

हायवेच्या कडेला मी उभा राहिलो आणि त्या दोघी पुढे झाल्या. बाई वैशूला काहीतरी दाखवत होती, उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. गाड्या जाऊ दिल्या. मग त्या चालत निघाल्या, बाजारात निघाल्यासारख्या. मधल्या दुभाजकावर थांबल्या, पुन्हा चालू लागल्या. पलीकडे पोचल्या आणि मधून ट्रकांची रांग गेली, मला काहीच दिसेना. माझे हात आपोआप जोडले गेले होते, पण मी काही मागितलं नाही. माझी पोर मला एकदा परत मिळाली होती ती याच बाईच्या हातून. आता तिच्याच हातात दिली होती. देवावर भार टाकणं म्हणजे काय, हे मला देवळात कधी कळलं नव्हतं, ते तिथे धुरात उभं राहून कळलं. आणि मनात आलं, माझ्या घरी आलेली कृपा या बाईच्या दारातून निघाली होती. ती घेताना मी निदान मान खाली घालावी.

त्या परत आल्या, तशाच सावकाश. वैशूला मजा वाटत होती. बाई माझ्यापाशी थांबली, गाड्यांकडे बघत म्हणाली, "आमचीला मी रोज सांगायचे, पळत जा गो, थांबू नको. माझं ऐकायची ती. पळालीच."

आम्ही तिघं तिथे कडेला उभे राहिलो. वैशूचा हात तिने अजून सोडला नव्हता, आणि मीही तो मागितला नाही.