घ्या, साहेबांशी बोला!

आमच्या कॅज्युअल्टीत दोन गोष्टी रोज साठतात. दारातल्या बेवारस चपला आणि किस्से. चपला आमचे झाडूवाले मामा आठवड्यातून एकदा पोत्यात भरून घेऊन जातात. किस्से न्यायला कुणी येत नाही. ड्युटी बदलताना चेंजिंग रूममध्ये आम्ही सिस्टर लोक डबा खाता खाता ते एकमेकींना सांगतो, पोट धरून हसतो आणि मग कुणीतरी म्हणतं, "बास गं बाई, नोकरी सोडावीशी वाटते." सोडत कुणी नाही. दुसऱ्या दिवशी आणखी चार किस्से!

हॉस्पिटल सोलापुरातलं आहे एवढं सांगते, नाव कशाला. अपघात, साप, विष, झटका, जे काय असेल ते आधी आमच्या दारात येतं. मला रक्ताची भीती वाटत नाही. उलटीची किळस तर कधीच गेली. मला धडकी भरते ती फक्त एका वाक्याची. पेशंट स्ट्रेचरवरून बेडवर येतो न येतो तोच नातेवाईक मोबाईल पुढे करतो आणि म्हणतो, "घ्या सिस्टर, साहेबांशी बोला!"

कुणाचे साहेब नगरसेवक, कुणाचे कारखान्यातले, कुणाचे मंत्रालयात. पण साहेब असतातच!

*

एक काका छातीत दुखतंय म्हणून आले. दरदरून घाम, ओठ पांढरे. मी एका हातानं त्यांची शीर शोधतेय, दुसऱ्या हातात सुई. एवढ्यात मुलानं फोन लावला आणि तो थेट माझ्या कानालाच दाबून धरला. मान हलवायची सोय नाही!

पलीकडून भारदस्त आवाज आला, "कोण बोलतंय?"

"सिस्टर."

"पेशंटला काय झालंय?"

"तेच बघत होते साहेब, तेवढ्यात तुमचा फोन आला!"

साहेब म्हणाले, "बरं बरं, चालू द्या," आणि फोन चालूच ठेवला. काकांचं इसीजी निघेपर्यंत मी साहेबांचं जेवण ऐकलं. भाकरीबरोबर शेंगाचटणी होती, "अजून वाढ" म्हणाले.

*

एकदा एकाच गल्लीतल्या दोन घरांची पाण्याच्या नळावरून मारामारी झाली. दोघांची डोकी फुटलेली, आणि बेड मिळाले शेजारी शेजारी. दोन्हीकडचे लोक फोन लावायला लागले. एका बाजूचा लागला. दुसऱ्या बाजूचा पोरगा वैतागून म्हणाला, "साहेबांचा फोन बिझी येतोय!"

येणारच! साहेब शेजारच्या बेडवर बोलत होते.

शेवटी तो एकच फोन माझ्याकडे आला. साहेब प्रेमानं म्हणाले, "सिस्टर, दोन्ही माणसं आपलीच आहेत. दोघांनाही एकदम चांगलं बघा."

"बघते. टाके आधी कुणाला घालू, तेवढं सांगा."

मग साहेब म्हणाले, "मी मीटिंगमध्ये आहे," आणि फोन कट!

मग दोन्ही पार्ट्या एकजुटीनं माझ्यावर ओरडल्या. नळावरचं भांडण मिटलं म्हणायचं.

*

करमाळ्याहून एक आजोबा आणले. शुगर खाली गेलेली, डोळे अर्धे मिटलेले, काही विचारलं तर नुसतं हूं हूं. बरोबरच्या माणसानं पुण्याच्या भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. भाचा ऑफिसात, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, आजूबाजूला काचा. मी वाकून ग्लुकोज लावत होते.

"एक्स्क्यूज मी सिस्टर, जरा बाजूला व्हा ना. मामा दिसत नाहीयेत."

मी म्हटलं, "अहो, सलाईन लावतेय. मामा शुद्धीवर यायला पाहिजेत की दिसायला पाहिजेत?"

भाचा म्हणाला, "आधी एकदा दिसू देत."

*

तरी एकदा मला वाटलं होतं की आज फोनचा उपयोग झाला! मोहोळच्या बाजूचा एक जण, पायाला साप चावलेला. त्याच्या भावानं सापाचा फोटो काढून आणला होता. नाहीतर लोक काय, मेलेला साप पिशवीतून आणून माझ्या टेबलावर ओततात. मी खूश होऊन म्हटलं, "दाखवा लवकर."

तो फोटो शोधायला लागला. गुड मॉर्निंगची फुलं गेली, बैलजोडी गेली, कुणाच्या तरी बारशाचा केक गेला, साप काही येईना.

"स्टेटसला टाकलाय, सिस्टर. खाली 'भावाला चावला' असं पन लिवलंय."

तोवर पेशंटच्या खिशातला फोन टुणटुण वाजायला लागला. औषध चालू होतं, माणूस चांगला बोलत होता. त्यानं फोन काढून बघितला आणि उठूनच बसला. गावच्या ग्रुपवर त्याला भावपूर्ण श्रद्धांजली वाहायला सुरुवात झाली होती. हात जोडलेली चित्रं येत होती.

"आरं, मेलो न्हाय मी अजून!" तो भावावर ओरडला. "आन् ह्यो बग, ज्याच्यासंगट बांधाचं भांडान हाय, त्यानं सगळ्यात आदी वाहिली!"

*

हे झाले हसायचे. एक सांगते, त्यावर चेंजिंग रूममध्ये कुणी हसलं नाही.

एक माणूस आणला तोच हृदय बंद पडलेला. मी चढले स्टुलावर आणि छाती दाबायला सुरुवात केली. ते काम हळुवार होत नाही. जोर लावावा लागतो, कधी कधी हाताखाली बरगडीही मोडते. शेजारच्या बेडवर एका पोराचं बोट कापलेलं, त्याच्याबरोबर आलेल्या मित्रानं मोबाईल वर धरला आणि लाईव्ह सुरू केलं.

"बगा मित्रांनो, दवाखान्यात काय चाल्लंय बगा! सिस्टर पेशंटला बुक्क्या मारतीया!"

पेशंट त्याचा कुणीसुद्धा नव्हता.

आमच्या इनचार्ज बिराजदार सिस्टर कानडीत शिव्या देत त्याच्यावर धावून गेल्या. त्यांचं कानडी फक्त असल्या वेळी बाहेर येतं. त्यानं तेही घेतलं व्हिडिओत. पेशंट काही वाचला नाही. व्हिडिओ मात्र मोहोळला माझ्या आईपर्यंत पोचला.

आईचा फोन आला, "सुनंदा, तू त्या मानसाला का मारत हुतीस गं?"

मी सगळं समजावलं. हृदय कसं थांबतं, का दाबावं लागतं, सगळं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. पन जरा हळू दाबायचं की."

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आईचं काही नाही हो, ती भोळी आहे. पण त्या माणसाची बायको तिथंच भिंतीला टेकून उभी होती, आणि तो पोरगा काय ओरडत होता ते तिनंही ऐकलं होतं. तिला मी काय समजावणार होते? तिचा पत्ता तरी कुठं आहे माझ्याकडं?

*

बिराजदार सिस्टरांनी एकदा वैतागून दारात बोर्ड लावला. "स्टाफच्या हातात फोन देऊ नये." दुपारपर्यंत कुणीतरी बोर्डाचा फोटो साहेबांना पाठवला. साहेबांनी वरती फोन केला. वरून खाली फोन आला. संध्याकाळी झाडूवाले मामा स्टूल घेऊन आले आणि बोर्ड काढून घेऊन गेले.

*

लोक विचारतात, फोनवाल्यांचा राग येत नाही का? येतो. पण खरं सांगू, माझा जीव तुटतो तो बाकड्यावर बसलेल्यांसाठी. ज्यांच्याकडं फोन लावायला कुणी नाही ते. ते काही बोलत नाहीत, नुसते बघत असतात. आम्ही आजार बघूनच आधी कुणाकडं जायचं ते ठरवतो. देवाशपथ सांगते. पण आम्ही दोघी-तिघी, एक डॉक्टर, आणि पन्नास फोन. बाकड्यावरून कसं दिसत असेल ते? फोन आला की सिस्टर पळते, असंच दिसत असणार. मी कितीदा ठरवलं की हे त्यांना सांगावं. पण सांगायला वेळ कुणाला असतो!

*

परवाचं सांगते.

भर दुपार, बाहेर ऊन नुसतं पेटलेलं. एका वऱ्हाडाचा टेम्पो उलटला होता आणि सगळं वऱ्हाड आमच्याकडं. मार बेताचा, पण प्रत्येक जखमीमागं चार माणसं आणि प्रत्येक माणसाच्या हातात एक साहेब. त्याच गर्दीत कुंभारीहून रिक्षानं एक म्हातारं जोडपं आलं. बाबांना दम लागलेला. बिराजदार सिस्टरांनी त्यांना कोपऱ्यातल्या बेडवर बसवलं, ऑक्सिजन लावला आणि त्या परत टेम्पोकडं धावल्या. डॉक्टर वऱ्हाडात अडकलेले.

मी वाफेचं मशीन घेऊन बाबांकडंच निघाले होते. सरळ चालत गेलं तर किती लांब आहे तो कोपरा! पण वाटेत एकानं फोन दिला, बोलले. पुढं दुसऱ्यानं दिला, बोलले. तिसरे साहेब नवरदेवाचे मामा निघाले, त्यांना मुहूर्त गाठायचा होता. म्हातारी कोपऱ्यातून हे सगळं बघत होती.

शेवटी पोचले एकदाची. तर मावशी उठून माझ्यासमोर आल्या. बिड्या वळून वळून काळी पडलेली बोटं, आणि त्यात मोबाईल.

"घ्या, बाई. सायबांशी बोला."

माझं डोकंच फिरलं. "मावशी, तुम्हीसुद्धा?" असं म्हणत मी फोन हिसकावूनच घेतला आणि कानाला लावला. "बोला!"

पलीकडं कुणी नाही. मी पुन्हा "हॅलो" म्हटलं. मग फोन खाली घेऊन बघितला. बटणांचा जुना फोन, आकडे झिजून गेलेले. स्क्रीन काळी. मी तो उलटा केला. मागचं झाकण नव्हतं, आणि बॅटरीची जागा रिकामी होती.

मी मावशींकडं बघितलं. मावशी माझ्याकडं बघतच नव्हत्या. त्या बाबांकडं बघत होत्या. बाबा मास्कच्या वरून आम्हा दोघींकडं टक लावून बसले होते.

"आवाज बारीक येतुय सायबांचा," मावशी म्हणाल्या. "पन हायती ते. बोला तुमी."

मी फोन परत कानाला लावला.

"हो साहेब, नमस्कार. हो, कोपऱ्यातला बेड. नाही नाही, आत्ताच बघते. डॉक्टरांनाही लगेच बोलावते. हो. ठेवते साहेब."

मावशींनी दोन्ही हातांनी फोन परत घेतला, पदरानं पुसला आणि पिशवीत खाली ठेवला. मग त्या बाबांच्या कानाशी वाकल्या.

"झालं बगा. सायबांनी सांगितलंय. आता बगत्यात तुमाला."