शनिवारी विचारायचं होतं

इक्बालभाई गेल्याचं फोनवर कळलं तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "मग रविवारच्या बॅचचं काय?" हे लिहितानाही कानशिलं तापतात. पहाटे छातीत कळ आली आणि चांगला धडधाकट माणूस बघता बघता गेला... आणि मला काळजी कसली, तर नव्या गाड्या घेतलेल्या पाच-सहा जणांना आता नेरे गावाजवळच्या ओढ्यात कोण उतरवणार याची.

भाई पनवेलच्या मोहल्ल्यातले. उमेदीची वर्षं आखातातल्या वाळवंटात गाड्या चालवून परत आले आणि आमच्यासारख्या हौशी मंडळींना डांबरी रस्ता सोडून गाडी कशी चालवायची ते शिकवू लागले. अत्तराचा शौक, ढगाळ हवेतही काळा चष्मा, आणि फुशारकी तर विचारूच नका. वाळूत रुतलेल्या गाडीच्या आणि उंटाच्या गोष्टीतला उंट दर बॅचला थोडा मोठा होत असे. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर चारही चाकांना जोर मिळणारी गाडी घेतली, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला झापलं. "मॅडम, सीटवरचं प्लास्टिक काढा आधी. गाडी चालवायला घेतलीय की शोकेसमध्ये ठेवायला?" मग कोऱ्या टायरमधली हवा कमी करायला लावली. हवा फुसफुसत बाहेर पडत होती आणि माझा जीव खालीवर होत होता. पण त्यांचा खरा हट्ट वेगळाच होता. पुढची वाट स्वतः पायी चालून बघितल्याशिवाय गाडी हलवायची नाही, म्हणजे नाही.

ओढ्याकडे जाणारी वाट हिराबाईंच्या शेताच्या कडेने जाते. दर शनिवारी भाई एकटे त्यांच्याकडे जाऊन विचारून येत, उद्या आलो तर चालेल का? त्या नाही म्हणाल्या की बॅच रद्द. लावणीच्या दिवसांत त्या हमखास नाही म्हणत, आणि आमच्या लोकांना चिखलाची खुमखुमी नेमकी तेव्हाच. एकदा कुणीतरी कुरकुरलं, वाट तर सरकारी आहे. भाई असे भडकले! "वाट सरकारी असेल, बाजूचा भात त्या बाईचा आहे. मला अल्लाला तोंड दाखवायचंय." दिवस संपला की ते गाडीतून फावडं काढत. दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली. ज्याच्या चाकाने खड्डा पडला त्यानेच तो बुजवायचा. एक डॉक्टर एकदा म्हणाले, कुणी माणूस लावू या. भाई हसून म्हणाले, "घरी जेवून ताट तसंच टाकून उठता का, डॉक्टर?" डॉक्टरांनी निमूट फावडं धरलं.

भाई गेल्यावर पंधरवड्याने आम्ही त्यांच्या आठवणीत सगळ्या जुन्या-नव्या विद्यार्थ्यांची एक फेरी काढली. भाईंच्या फोटोला हार घालून तो माझ्या बॉनेटवर बांधला, कारण सर्वांत जुनी विद्यार्थिनी मी. दिवस लावणीचे होते. ओढा फुगलेला दिसला, तशी मागून हाकाटी सुरू झाली, कडेने घ्या, कडेने घ्या. मी उतरले नाही. चालून बघितलं नाही. गाडी वळवली, आणि माझ्या मागोमाग सगळ्या गाड्या हिराबाईंच्या खाचरात शिरल्या. बांध फुटला, पाणी वाहून गेलं, नुकती लावलेली रोपं चाकांखाली गेली. आणि आम्ही? आम्ही भाईंच्या नावाचा जयघोष करत फोटो काढत होतो.

हिराबाई घरातून आल्या. ओरडल्या नाहीत. एकेका गाडीत डोकावत माझ्यापर्यंत आल्या. "भाई खय हाय? शनवारी कुनी इचाराला आलाच नाय." भाई गेले हे त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मी नुसतं बॉनेटकडे बोट दाखवलं. त्यांनी हाराकडे बघितलं, पायातल्या चपला काढल्या, फोटोला हात जोडले, आणि तशाच चिखलात उतरून दोन्ही हातांनी बांधाला माती लावू लागल्या. आमच्यातल्या एकाहीकडे फावडं नव्हतं. मला त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

पुढच्या शनिवारी मी भाईंच्या घरी जाऊन वहिनींकडे फावडं मागितलं. काय झालं तेही सांगितलं. त्या आत जाऊन ते घेऊन आल्या. फावडं हातात देताना एवढंच म्हणाल्या, "धुऊन ठेवायचे ते. दर वेळी."

तिथून नेऱ्याला गेले, तेव्हा हिराबाई त्यांच्या पडवीत बसल्या होत्या. बांध त्यांनी केव्हाच घातला होता. मी माफी मागितली. त्यांनी माफ केलं की नाही, मला कळलं नाही. त्या फावड्याकडे बघत होत्या.

"भाईचाच ना?"

"हो. विचारायला आलेय... उद्या आलो तर चालेल का?"

"नाय," त्या म्हणाल्या. "भाईलाबी या दिसांत नायच म्हनायची मी."

मग त्यांनी वाटेवरच्या आमच्या चाकांच्या चऱ्या दाखवल्या. त्या मी बुजवल्या. जमेल तशा, हाताला फोड येईपर्यंत. ओढ्यावर फावडं धुतलं आणि गाडीत मागच्या सीटखाली ठेवलं, भाईंच्या गाडीत असायचं तसंच. मग ग्रुपवर लिहिलं, उद्याची बॅच होणार नाही, हिराबाई नाही म्हणाल्या.