माझ्या किचनमधली रोवणी

आधी आली शकुन. तिच्या मागे रेलिंगला धरून, धापा टाकत कौशल्या... दोघी तुमसरजवळच्या चिखल्याच्या खाण कॉलनीतल्या माझ्या जुन्या शेजारणी. कौशल्याच्या नातवाने शाळेत काय पराक्रम केला ते मला जिन्यातच कळलं, पण ते राहू द्या.

शकुन पाणीसुद्धा प्यायली नाही. हातातली रिकामी पिशवी झटकून म्हणाली, "कुठं हायेत माही भेदरं?"

भेदरं म्हणजे टमाटर. पण बाजारातले नाहीत... बोराएवढे, आंबटढाण, तिच्या सासूच्या काळापासून तिच्या अंगणातले. आमचे हे रिटायर झाले आणि आम्ही भंडाऱ्याला मुलाकडे दुसऱ्या माळ्यावर राहायला आलो, तेव्हा तिने कागदाच्या पुडीत बी बांधून दिलं होतं. म्हणाली होती, जेवणाला चव राहील.

यंदा तिच्या अंगणात पाणी साचलं, झाडं गेली. डब्यातलं बी उंदरांनी खाल्लं. जे उरलं ते माझ्याच पुडीतलं... आणि ते सगळं मी पेरून बसलेली.

फोनवर फुशारकीही मीच मारली होती. म्हटलं, रोपं वीतभर झालीत, घेऊन जा.

आता माझी अक्कल ऐका. माझं माहेर कारध्याचं, सगळी धानाची शेती. धानाची रोपं, म्हणजे आमचे पऱ्हे, दाट पेरायचे, पाणी भरपूर द्यायचं आणि वीतभर झाले की खूश होऊन रोवणी करायची, म्हणजे उपटून बांधीतल्या, धानाच्या शेतातल्या, चिखलात लावायचे. मी भेदरंही तशीच लावली... जुन्या परातीत, दाट, किचनच्या कोपऱ्यात, रोज तांब्याभर पाणी. बाहेर आठ दिवस आभाळ. रोपं भराभर उंच होत होती आणि मी सुनेला बोलावून बोलावून दाखवत होते.

शकुन परातीवर वाकली. रोपं पांढुरकी, दोऱ्यासारखी, एकमेकांच्या अंगावर पडलेली. मग हळूच म्हणाली, "माय वो सुमन... हे रोपं होत का शेवया?"

कौशल्या म्हणते, "पाय ना, साऱ्यायची मान खिडकीकडं. बसची वाट पाहून राहिले जसे."

त्या हसल्या, पण मला रडू आलं. एवढ्या वर्षांची शेजारीण, तिच्या सासूची आठवण, आणि मी ती परातीत संपवली... पदर डोळ्याला लावला तसा शकुनने पदर कमरेला खोचला. म्हणाली, "रडतं काहून? मेले कुठं हायेत? फक्त उजेडासाठी लांब झाले. चाल, रोवणी करून टाकू."

खालून माती आणली. दुधाच्या पिशव्या कापल्या, बुडाला खिळ्याने भोकं पाडली. शकुन एकेक रोप पानाला धरून उचलायची, देठाला बोट लावू देत नव्हती. आणि पार गळ्यापर्यंत मातीत... वर फक्त शेंड्याची पानं.

मी म्हटलं, अगं, धान इतकं खोल लावलं तर सडेल. तर म्हणाली, "धान येगळं, भेदरं येगळं. माह्या अंगणात हे झाड आडवं पडलं का मातीत टेकल्या जागी मुळ्या फुटते. जेवढं गाडशील तेवढं धरते."

तिघी ओट्याशी ओळीने वाकून उभ्या... बांधीत उभं राहतात तशा. कौशल्याने रोवणीचं गाणं काढलं, अर्धं विसरली, मग आम्ही तिघी नुसतं गुणगुणलो. सून ऑफिसातून आली तेव्हा फरशीवर चिखल आणि सासू गाणं म्हणते आहे. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. तिने गॅलरीतलं कपड्यांचं स्टँड उचलून आत ठेवलं आणि म्हणाली, "आई, इथं ठेवा, इथं ऊन येतं."

जाताना शकुन म्हणाली दोन गोष्टी कर. माती वरून सुकल्याशिवाय पाणी नाही. आणि सकाळ-संध्याकाळ रोपांवरून हळू हात फिरव, वारा लागल्यासारखं होतं, देठ जाड होतो. मी रोज फिरवते... नातवाच्या डोक्यावरून फिरवावा तसा. आमचे हे म्हणतात, माझ्या डोक्यावरून कधी फिरवला नाहीस. तुमचा देठ जाड झालाय म्हटलं.

आज दहावा दिवस. एकतीस लावली होती, सव्वीस उभी आहेत. काल एकाला बोट लावून पाहिलं, हललं आणि परत सरळ झालं. सकाळपासून तिसऱ्यांदा गॅलरीत जाऊन आले आहे.

चूक माझी, हात तिचे... आणि बी दोघींचं राहिलं. अशी शेजारीण सगळ्यांना मिळो.

पिशवी मात्र तिने नेली नाही. दाराच्या खिळ्याला अडकवून गेली, म्हणाली, रोपं भरून ठेव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला येणार आहेत दोघी, तुमसरवरून पहिल्या बसने.