माझं शिफारसपत्र, माझ्याच हातचं

आमच्या कॉलेजात शिफारसपत्र मागायला गेलं की सर एकच वाक्य बोलतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." यात कुणाला काही वावगं वाटत नाही. सरांना शिकवायचं असतं, पेपर तपासायचे असतात, बैठका असतात. शिवाय आपलं कौतुक आपल्याइतकं मनापासून दुसरं कोण लिहिणार? माझ्या वर्गातल्या मुलामुलींनी स्वतःविषयी लिहिलेली पत्रं मी वाचली आहेत. ती खरी मानायची तर धारवाडात एकाच वर्षी, एकाच खोलीत, तेरा असामान्य प्रतिभावंत बसत होते. त्यातल्या निम्म्यांना प्रॅक्टिकलची वही पुरी करायला मुदतवाढ लागली, ही गोष्ट वेगळी.

चौदावी मी. मला पत्र हवं होतं ते पीएचडीसाठी. युरोपातल्या एका थंड देशात एक जागा निघाली होती. दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह, किती वेगानं फिरतात ते मोजायचं आणि त्यावरून त्यांच्याभोवती न दिसणारं द्रव्य, म्हणजे डार्क मॅटर, कसं पसरलं असेल ते काढायचं. एमएस्सीचा माझा प्रकल्प नेमका यावरच होता. इतकी माझ्या मापाची जागा पुन्हा कधी निघेल याची काही खात्री नव्हती. जाहिरातीत शेवटी लिहिलं होतं, उमेदवार मनमोकळा आणि संवादकुशल असावा. ते वाचून मी अर्ज दोन दिवस उघडलाच नाही. मी घरात मराठी बोलते, रस्त्यावर कन्नड, आणि शाळा पहिलीपासून इंग्रजी माध्यमाची. त्यामुळे मला तीन भाषांत गप्प बसता येतं.

घरी, हुबळीला, मात्र सगळे संवादकुशल आहेत. अप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, त्यांना कुठल्याही योजनेत पहिला प्रश्न सुचतो तो ती पुरी न झाल्याचा.

"दिसत नाही म्हणतेस, मग आहे हे कशावरून?"

"कडेचे तारे फार जोरात फिरतात अप्पा. त्यांना धरून ठेवणारं काहीतरी असल्याशिवाय ते तसे फिरणार नाहीत."

"आणि चार वर्षांत सापडलं नाही तर? तरी पदवी देतात?"

"देतात."

"बरं खातं आहे," अप्पा समाधानानं म्हणाले.

हुबळीतल्याच कमरीपेठेतली आत्या तेव्हा आमच्याकडेच होती. ती म्हणाली, "न दिसणारंच बघायचं तर एवढ्या लांब कशाला जातेस गं? आमच्या नळाकडे ये की. पाणी आहे म्हणतात सगळे, दिसत मात्र कुणालाच नाही."

पत्राला आता कागदावर सही लागत नाही. परदेशातलं विद्यापीठ सरांना ईमेलवर एक दुवा पाठवतं आणि सरांनी तिथं फॉर्म भरायचा असतो. गुप्तपणे. उमेदवारानं तो बघता कामा नये, असं वर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं. सरांनी मला बोलावलं, आपल्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "पासवर्ड त्या डायरीच्या मागच्या पानावर आहे बघ. भरून टाक. मी तास घेऊन येतो." सर कन्नड, पण त्यांची आई बेळगावची, म्हणून माझ्याशी मराठी बोलतात.

पत्राचा मजकूर मी घरून आणला होता. विद्यार्थिनी नियमित आहे, तिचं काम नीटनेटकं असतं, ती दिलेल्या वेळेत पुरं करते. चार वेळा वाचलं. एखाद्या चांगल्या शिवणयंत्राबद्दल लिहावं तसं झालं होतं, पण त्यात खोटं काही नव्हतं. मग खाली एक तक्ता आला. आपण आजवर शिकवलेल्या विद्यार्थ्यांत ही विद्यार्थिनी कुठे बसते? वरच्या एक टक्क्यात, पाच, दहा, पंचवीस, की पन्नास?

मी गणित केलं. वर्गात चौदाजण, माझा नंबर तिसरा. तीन भागिले चौदा म्हणजे एकवीस टक्के आणि काही. पंचवीसवर खूण केली आणि सरांच्या नावानं फॉर्म पाठवून दिला. सर परत आले तेव्हा विचारलं, "झालं?" "झालं सर." "गुड," म्हणाले. त्यांनी काही पाहिलं नाही, मी काही सांगितलं नाही, आणि आम्हा दोघांनाही बरं वाटलं.

त्या आठवड्यात मी फार हलकी होते. शुक्रवारी दुपारी आमच्याच विभागात माझ्याआधी शिकलेल्या एका अक्कांचा फोन आला. त्या तिकडेच, दुसऱ्या विद्यापीठात, पीएचडी करतात. अर्ज कसा काय म्हणून त्यांनी विचारलं. मी विश्वासानं सगळं सांगितलं, एकवीस टक्के आणि काहीसुद्धा.

अक्कांनी मला आकडा पुन्हा सांगायला लावला.

"पंचवीस? अगं, या फॉर्ममध्ये पाच म्हणजे ठीक आहे. दहा म्हणजे बरी आहे. पंचवीस म्हणजे, हिला घेऊ नका पण मी सांगितलं असं म्हणू नका."

"पण मी खरंच तिसरी आहे, अक्का."

"तू वर्गात तिसरी आहेस की. फॉर्म काय तुझ्या वर्गाला विचारतोय? आत्ता जा आणि सरांना सांग. रविवारी मुदत संपते."

सांगणं एवढं सोपं असतं तर मी जन्मभर दुसरं काय केलं असतं? शनिवारी हुबळीहून धारवाडची बस पकडली आणि वाटभर वाक्य तयार केलं. सरांच्या खोलीच्या दारात उभी राहिल्यावर ते वाक्य गेलंच.

"येनव्वा, काय झालं?" सरांनी विचारलं.

"सर, त्या फॉर्ममध्ये मी पंचवीस टक्के लिहिलं."

"कुणाला?"

"मला."

सरांनी चष्मा काढला. मला वाटलं रागावणार. ते हसायला लागले, मोठ्यानं, शेजारच्या खोलीतल्या बाई डोकावून गेल्या इतक्या मोठ्यानं. "तीस वर्षं झाली मुलांना लिहून आणायला सांगतोय. स्वतःला नापास करणारी पहिलीच बघतोय मी." मग हसू थांबलं. फॉर्मखाली नाव त्यांचं गेलं होतं हे बहुधा तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. "बस. मी लिहितो. पण मला तुझ्या कामातलं काय आठवतंय? तू बोलतेस कुठे. सांग, काय केलंस ते."

मी सांगायला लागले. दीर्घिका कुठली, माहिती कुठून उतरवली, वेगाचा आलेख कसा काढला. सरांनी मधेच विचारलं, "आलेख कडेला सपाट राहिला?"

"आधी खाली पडला."

"पडला? म्हणजे डार्क मॅटरची गरजच नाही?"

"पंधरा दिवस मला तसंच वाटत होतं सर." हे मी कुणाशीच बोलले नव्हते. पंधरा दिवस सगळं जग चुकीचं आणि मी बरोबर अशी स्थिती होती, आणि मी डबा खाऊन, तास करून घरी जात होते. "मग कळलं, की त्या दीर्घिकेची चपटी तबकडी कडेला वाकलेली आहे. मी सगळी तबकडी एकाच कोनात धरली होती. कडेचा कोन वेगळा धरला आणि आलेख सपाट झाला."

"तबकडी वाकलीये हे पुस्तकात होतं?"

"नाही. वेगाच्या नकाशातली रेघ कडेला वळत होती. त्यावरून काढलं."

"मग प्रबंधात कुठे आहे हे?"

"परिशिष्टात. मला वाटलं, चूक झाली होती, ती कशाला पुढे मांडायची."

सरांनी कपाळावर हात मारला. "अय्य! तेवढीच तर गोष्ट सांगण्यासारखी होती की!"

मग ते विद्यापीठाला ईमेलनं पाठवायचं नवं पत्र दोन बोटांनी टाइप करू लागले. मला बाहेर बसवलं नाही, उलट स्पेलिंग विचारत राहिले. "आधीचा फॉर्म माझ्या सांगण्यावरून उमेदवारानंच भरला, ही आमच्याकडची रीत आहे आणि दोष माझा आहे," असं त्यांनी सरळ लिहिलं. ती बोलत नाही, असंही लिहिलं. वाकलेल्या तबकडीवर पूर्ण परिच्छेद लिहिला. शेवटी लिहिलं, "तिचा क्रम तिनं चुकीचा लावला आहे, माझ्या मते ती वरच्या दहा टक्क्यांत आहे."

दहा.

धारवाड सोडताना मला सरांविषयी इतकी कृतज्ञता वाटत होती की डोळे भरून आले. बस वाटेतल्या अमरगोळला येईपर्यंत मला राग आला होता. एवढं सगळं ऐकून दहा? पाच लिहायला त्यांचं काय जात होतं? चार दिवसांपूर्वी स्वतःला पंचवीस देणारी बाई ही मीच, हे हुबळीजवळ, उणकलच्या तळ्यापाशी आठवलं, पण त्यानं राग काही कमी झाला नाही.

विद्यापीठाकडून ठरावीक छापाचं उत्तर आलं की मुदतीत आलेली सर्व पत्रं समितीपुढे ठेवली जातील. महिन्याभरानं ऑनलाइन मुलाखत झाली. पडद्यावर तिघंजण होते. त्यांनी माझ्या स्वभावाविषयी एक शब्द विचारला नाही. कडेची तबकडी वाकलीये हे कसं कळलं, एवढंच विचारलं. मी बोलत राहिले. आत्या दार लोटून बघून गेली, कोण एवढं बोलतंय म्हणून.

जागा मिळाली. पुढच्या आठवड्यात पेढे घेऊन सरांकडे गेले. त्यांच्या टेबलाशी पहिल्या वर्षाची एक मुलगी उभी होती, हातात दुसऱ्या कुठल्यातरी विद्यापीठाचं माहितीपत्रक. सरांनी एक पेढा तोंडात टाकला, मला बसायची खूण केली आणि त्या मुलीला म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." मग माझ्याकडे बोट दाखवून, "फक्त हिला विचारू नकोस कसं लिहायचं ते."