या, होऊन जाईल

शिरपूरला जैन यात्रेकरू वर्षभर येतात. त्यांच्यासाठी आम्ही नवरा-बायको चार खोल्या आणि जेवण सांभाळतो. यातली बरीच मंडळी दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, काही जण पाण्याचा घोटही घेत नाहीत. म्हणून सगळ्यांना पोचायची घाई. कोणी मेसेजवर विचारलं की मी लिहायचो, 'या, होऊन जाईल.' आमच्याकडे पाहुण्याला आधी 'या'च म्हणतात. खरं काय ते मग लगेच फोन लावून सांगायचो, की नाल्याला पाणी आहे, आज कारंज्यालाच थांबा. लिहिण्याचा मला मुळातच कंटाळा.

मागच्या वर्षी खोल्या बुक करून देणाऱ्या एका कंपनीने चॅटबॉट जोडून दिला. माझे जुने मेसेज वाचून तो माझ्याच नावाने, माझ्यासारखी उत्तरं देऊ लागला. कटकट गेली म्हणून मी खूश. फक्त यात्रेकरूंचे नंबर दिसेनासे झाले; जुने मी कधी लिहून ठेवलेच नव्हते. आणि त्याचं बोलणं मला वाचता यायचं, मध्ये तोंड घालता यायचं नाही.

पावसाळ्यातली दुपार होती. दरवर्षी येणाऱ्या सांगलीकडच्या एका आजींचा मेसेज आला. कारंज्याचं दर्शन उरकून त्यांची यात्रेची बस निघाली होती. दिवस मावळायच्या आत पोचू का, असं त्यांनी विचारलं होतं. खाली उत्तर गेलेलंच होतं, 'आसेगाववरून जवळ पडेल. या, होऊन जाईल.'

बायको पोळ्या लाटत होती. तिला वाचून दाखवलं तशी तिचा हात थांबला.

"तुमी त्यायले या काहून म्हटलं? तिकडं नाल्याले पूर आहे."

"म्या नाई म्हटलं. हे लिहून राह्यलं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच खोटं बोलतोय. कंपनीला फोन लावला, तर तिथेही यंत्रच गोड आवाजात थांबायला सांगत होतं. तेवढ्यात आजींचा दुसरा मेसेज दिसला, 'भाऊ, पुलावर पाणी आहे. ड्रायव्हर नको म्हणतोय. काय करू?'

वेड्यासारखा मी पडद्यावर बोट दाबत राहिलो. माझ्या नावाखाली अक्षरं उमटली, 'काळजी करू नका. या, होऊन जाईल.'

त्यानंतर काहीच आलं नाही. मी फाट्यावर जाऊन उभा राहिलो. दिवस मावळला. एवढी भीती मला जन्मात कधी वाटली नव्हती.

बस आली ती अंधार पडल्यावर. खिडक्यांपर्यंत चिखल होता. आजींनी ताटाला हात लावला नाही. ओठ सुकले होते, तरी पाणीही घेतलं नाही. बायकोने ताटं झाकून ठेवली.

सकाळी निघताना त्या म्हणाल्या, "ड्रायव्हर ऐकत नव्हता, भाऊ. मीच म्हटलं, तुम्ही या म्हणालात म्हणजे भ्यायचं कारण नाही."

ते मी लिहिलं नव्हतं, हे मी त्यांना परोपरीने सांगितलं. निदान पुढच्या वेळी मला फोन तरी करा, म्हणालो.

त्या हसल्या. "फोन कशाला? आता तर तुम्ही लगेच उत्तर देता. पुढच्या वर्षीही तुम्हाला विचारूनच निघू."