वाजलेले बदाम

ऐंशीच्या दशकात, मी एकोणीस वर्षांचा असताना, आम्ही वाशीला खाडीजवळच्या एका इमारतीत राहत होतो. थोरल्या बहिणीचे दुसरे बाळंतपण मराठवाड्यात, तिच्या सासरी झाले. तिच्यासाठी आईने बदाम आणले. सालीने बाळंतिणीला उष्णता होते, अशी आईची समजूत होती. म्हणून तिने ते रात्रभर भिजवले, सोलले आणि परातीत पसरून गच्चीवर वाळत घातले.

वाळलेल्या बदामाला ती ‘वाजलेला’ म्हणे. दोन बदाम एकमेकांवर आपटले की कोरडा, टणक आवाज यायला हवा. तिच्या माहेरी एका उन्हात बदाम वाजत. आमच्याकडे खाडीच्या वाऱ्यामुळे तीन दिवस लागत.

तिसऱ्या दिवशी तिला कामावर जायचे होते. परात गच्चीवर नेऊन बदाम अधूनमधून हलवायला तिने मला सांगितले. मी शेजाऱ्यांकडे टीव्हीवर क्रिकेटचा सामना बघत बसलो. परात दिवसभर ओट्यावरच राहिली.

आई परतली तेव्हा ताईच्या सासरी निघालेला मामा गाडी गाठण्याच्या घाईत होता. बदाम त्याच्याबरोबरच जाणार होते.

“वाजले का रे?”

“वाजले,” मी म्हणालो.

तिने स्वतः पाहिले नाही. मी सांगितले, एवढे तिला पुरेसे होते. तिने बदाम डब्यात भरले, झाकण घट्ट बसवले आणि वर फडके बांधले.

पंधरा दिवसांनी मामा परत आला. डबा उघडला तेव्हा बदामांना बुरशी आली होती, हे त्याने चाचरत सांगितले. बाळाला बघायला आलेल्या बायकांसमोर ताईच्या सासूने विचारले होते, “तुमच्या मुंबईकडे सुका मेवा ओलाच खातात का?” बायका हसल्या. ताई मान खाली घालून बसली.

आईने ऐकून घेतले. मामा गेल्यावर तिने मला हळू आवाजात विचारले, “तू वाजवून पाहिले होतेस ना?”

मी हो म्हणालो. पहिले खोटे माझ्या आळसाचे होते. हे दुसरे मी विचार करून बोललो.

“मग माझाच हात ओला असेल भरताना,” ती म्हणाली.

सव्वा महिन्याने ठरलेल्या बारशाला ती गेली नाही. रजा मिळत नाही, असे तिने कळवले. प्रत्यक्षात तिने रजा मागितलीच नव्हती. त्या बायकांसमोर उभे राहण्याचे धैर्य तिला होत नव्हते, आणि ते मला कळत होते. तरीही मी गप्प राहिलो.

आई गेल्यानंतर, खूप उशिरा, मी ताईला सारे सांगितले. ती रागावली नाही.

एवढेच म्हणाली, “आईला सांगायचं होतंस. बारशाला ती आली असती रे.”

आईने त्या नातवाला प्रथम पाहिले, तेव्हा तो चालू लागला होता. तिने हात पुढे केले, आणि अनोळखी बाई समजून तो ताईच्या पदराआड लपला.